तीनशे शहाऐंशीला निरोप

यंत्रांच्या जन्मतारखा इतिहासात आवर्जून लिहिल्या जातात. त्यांना निरोप कधी दिला, हे मात्र फारसं कुणी नोंदवत नाही. आज मी आपल्याला अशाच एका निरोपाची हकिगत सांगणार आहे. मी तंत्रज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या हकिगतीत एक पेच आहे, आणि तो केवळ यंत्रांचा नाही.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणानं ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. इंटेलनं हा प्रोसेसर १९८५ साली जाहीर केला होता. त्या संगणकावर लिनसनं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. ऑगस्टमध्ये ती जगाला कळवताना त्यानं सांगूनच टाकलं, की ही ३८६ सोडून दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही. तीच पुढं लिनक्स म्हणून नावारूपाला आली.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्र आणि आपले प्रोग्राम यांच्यामधला हा कारभारी. त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळं तो आपल्या यंत्राच्या मापानं बांधून घेता येतो. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी मापं घेतो, तशी इथं आधी एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. अमुक सोय हवी का? उत्तर होय, नाही, किंवा लागेल तेव्हा जोडता येईल असा सुटा भाग. त्यातच एक कळीचा प्रश्न असे : प्रोसेसर कोणता? ३८६, ४८६ की पेंटियम?

४८६ निवडलं तर नव्या प्रोसेसरचे आदेश वापरले जात, पण तो कर्नल ३८६वर चालेलच याची खात्री नसे. ३८६ निवडलं तर त्या घराण्यातल्या सगळ्या प्रोसेसरांवर चाले, वेग मात्र पुरेपूर मिळत नसे. सोबतच्या मदतीच्या टिपणात हे स्पष्ट लिहिलेलं असे. दिंडीत सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानं चालावं, म्हणजे कुणी मागं राहत नाही, तसाच हा हिशेब.

इकडं लिनक्स आपल्या जन्मदात्याचं भाकीत खोटं ठरवत होतं. मार्च १९९५च्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क, मिप्स अशी वेगळी घराणी आली. पुढं मोबाइल फोनमधल्या आर्म प्रोसेसरवरही अँड्रॉइडच्या रूपानं हाच कर्नल पोहोचला.

पण मागच्याला सोबत नेण्याची किंमत असते. स्मृतीतल्या एखाद्या जागी अपेक्षित आकडाच आहे ना, हे तपासून एका दमात तो बदलण्याचा आदेश ४८६मध्ये आला. ३८६ला तो ठाऊक नव्हता. अनेक प्रोसेसर एकत्र काम करतात, तेव्हा हा आदेश फार मोलाचा. त्यामुळं ३८६साठी कायम वेगळी तजवीज ठेवावी लागे आणि या भागात हात घातला की दरवेळी ती सांभाळावी लागे.

डिसेंबर २०१२मध्ये इंगो मोलनार यांनी ती तजवीज काढून टाकणारा बदल पाठवला. १९९१ सालचा तुमचा ३८६ आता नव्या कर्नलवर सुरू होणार नाही, असं त्यांनी हळहळीच्या सुरात टोरवाल्ड्सना लिहिलं. टोरवाल्ड्सनी बदल स्वीकारला आणि आपण भावनाविवश होणारे नाही, असं कळवलं. फेब्रुवारी २०१३च्या ३.८ आवृत्तीत ३८६चा पर्याय उरला नाही. ज्या अंगणात जन्म झाला, त्या घराला कुलूप लागलं.

मी असतो तर भावनाविवश झालो असतो. तरीही हा निर्णय मला क्रूर वाटत नाही. इंटेलनं स्वतः ३८६चं उत्पादन २००७मध्येच थांबवलं होतं, आणि ओझं वाहणाऱ्यांनाच ते कधी उतरवायचं हे ठरवण्याचा हक्क असतो. शिवाय जुना मजकूर कुणी जाळला नाही. ३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या आजही मिळतात. कुणाच्या माळ्यावर ३८६ असेल, तर त्याला त्याच्या मापाचा कर्नल अजून बांधता येईल. नव्या दुरुस्त्या तेवढ्या त्याच्या वाट्याला येणार नाहीत.

पुढं चालताना कुणाला तरी मागं ठेवावंच लागतं. अशा वेळी त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं का, एवढं तरी आपण विचारायला हवं.