सौम्य पक्षाघात
मेंदूच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन उद्भवणाऱ्या, कमी तीव्रतेच्या पक्षाघातास सौम्य पक्षाघात म्हणतात. ० ते ४२ गुणांच्या 'एनआयएचएसएस' मापनश्रेणीवर ५ किंवा त्याहून कमी गुण आल्यास तो सामान्यतः सौम्य मानला जातो. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण अपंगत्व इजेच्या आकाराइतकेच तिच्या स्थानावर अवलंबून असते. इंटर्नल कॅप्सूल या चेतातंतूंच्या दाट जुडग्यात १५ मिलिमीटरहून लहान इजा झाली, तरी शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडू शकते. थॅलॅमसमधील इजेनंतर बधिरता येते व क्वचित दीर्घकाळ जळजळ राहते. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाला खाटेवर तपासल्यास गुण शून्यही येऊ शकतात. उभे राहताच मात्र त्याचा तोल जातो. म्हणून त्याला चालवून पाहणे आवश्यक असते. सुधारणेचा वेग पहिल्या ३ महिन्यांत सर्वाधिक असतो. थकवा व एकाग्रतेचा अभाव पुढेही टिकतात, पण इतरांना ते दिसत नाहीत.