चाको युद्ध

चाको युद्ध : (१९३२–३५). बोलिव्हिया व पॅराग्वाय या दक्षिण अमेरिकेतील दोन भूवेष्टित राष्ट्रांत उत्तर चाको (चाको बोरेआल) प्रदेशाच्या स्वामित्वासाठी झालेले युद्ध. पिल्कोमायो व पॅराग्वाय या नद्यांमधील हा काटेरी झुडपांचा सपाट प्रदेश वर्षातील काही महिने निर्जल, तर पावसाळ्यात दलदलमय असतो. स्पॅनिश अमदानीत तेथील सीमा कधीच काटेकोरपणे आखल्या गेल्या नव्हत्या. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात दोन्ही राष्ट्रे जुन्या सनदांच्या आधारे हक्क सांगत राहिली. तेथील आदिवासींना मात्र कोणी विचारले नाही. १८७९ ते १८९४ च्या दरम्यान झालेले सीमाकरार निष्फळ ठरले.

पॅसिफिक युद्धात (१८७९–८४) बोलिव्हियाने सागरकिनारा गमावला. टाक्ना-आरिका प्रश्न १९२९ मध्ये चिली व पेरू यांनी परस्पर मिटविल्यावर पॅसिफिककडील आशा मावळली आणि पॅराग्वाय नदीमार्गे अटलांटिक गाठण्याच्या कल्पनेस जोर आला. त्रिराष्ट्र युद्धात (१८६४–७०) उद्ध्वस्त झालेल्या पॅराग्वायला आणखी भूमी गमावणे मान्य नव्हते. स्टँडर्ड ऑइल व रॉयल डच शेल या कंपन्यांच्या चिथावणीने युद्ध पेटले, हे मत लोकप्रिय असले, तरी त्यास भक्कम पुरावा नाही. अँडीजच्या पायथ्याशी तेल सापडल्याने चाकोतही ते असेल, ही अपेक्षा मात्र होती.

व्हॅन्गार्डिया ठाण्यावरील चकमकीनंतर (१९२८) युद्ध तात्पुरते टळले. जून १९३२ मध्ये बोलिव्हियन तुकडीने पिटिआन्टुटा सरोवराकाठचे पॅराग्वायी ठाणे घेतले. झगडा मुख्यतः पाण्याचा होता, हे यावरून ध्यानात येते. सप्टेंबरमध्ये बोकेरॉन येथे सु. ६०० बोलिव्हियन सैनिकांनी कितीतरी पट मोठ्या फौजेस सु. तीन आठवडे रोखले. अखेर अन्नपाणी व दारूगोळा संपल्याने ते शरण आले.

बोलिव्हियाची लोकसंख्या सु. तिप्पट व शस्त्रास्त्रे अधिक होती. परंतु त्याचे आयमारा व केचुआ शिपाई थंड पठारावरून शेकडो किमी. चालत या उष्ण प्रदेशात येत. पॅराग्वायला नदी व कासादो बंदरापासूनचा लोहमार्ग जवळ होता, आणि ग्वारानी भाषेतील त्यांचे संदेश शत्रूस सहसा उमगत नसत. जर्मन सेनापती हान्स कुंट याने नानावा येथे तटबंदीवर समोरून हल्ले चढवून (१९३३) अतोनात मनुष्यहानी ओढवून घेतली. याउलट होसे फेलिक्स एस्तिगार्रिब्या याचा भर शत्रूस वेढून त्याची रसद तोडण्यावर होता. काम्पो व्हिया येथे (डिसेंबर १९३३) त्याने दोन डिव्हिजन शरण आणल्या व कुंटची उचलबांगडी झाली. कान्यादा स्ट्राँगेस्टचा विजय (मे १९३४) वगळता बोलिव्हियाची पीछेहाट चालूच राहिली. नोव्हेंबरमध्ये एल कार्मेन येथे हजारो सैनिक वेढ्यात सापडले. त्याच महिन्यात आघाडीवर गेलेल्या राष्ट्राध्यक्ष दान्येल सालामांका यास त्याच्याच सेनापतींनी पदच्युत केले.

राष्ट्रसंघाचे प्रयत्न व्यर्थ गेले आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये पॅराग्वायने राष्ट्रसंघ सोडण्याचा निर्णय जाहीर केला. व्हिल्यामोंटेस घेण्यात त्याला अपयश आले. दोन्ही राष्ट्रे थकल्यावर १४ जून १९३५ रोजी लढाई थांबली. वाटाघाटींतील कार्याबद्दल अर्जेंटिनाचा परराष्ट्रमंत्री कार्लोस सावेद्रा लामास यास १९३६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष तह ब्वेनस एअरीझ येथे २१ जुलै १९३८ रोजी झाला. त्यान्वये चाकोचा सु. तीन-चतुर्थांश भाग पॅराग्वायला मिळाला. अँडीजच्या पायथ्याचे तेलक्षेत्र बोलिव्हियाकडेच राहिले.

या युद्धात सु. एक लाख माणसे मेली. त्यांपैकी फार मोठी संख्या रोगराई व तृष्णेने मेलेल्यांची होती. १९३६ मध्ये दोन्ही देशांत लष्कराने सत्ता घेतली. बोलिव्हियाने १९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइलची मालमत्ता जप्त केली. खंदकांत एकत्र आलेल्या पिढीच्या असंतोषातून पुढे तेथे १९५२ ची क्रांती घडून आली. सीमेच्या अंतिम आखणीवर मात्र २००९ मध्येच शिक्कामोर्तब झाले.