दुभाषी, कच्चा खर्डा आणि पवईचे दोन लेख

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी रुमाल डोळ्यांसमोर येतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमाल उलगडणाऱ्याला एक सवय हळूहळू लागते : मजकुरात शिरण्याआधी कागदाचा माथा वाचायचा. कोणी लिहिले, कोणत्या आधारावर, कोणासाठी, हे बहुधा तिथेच कळते. या धाग्यातले साधन कागदाचे नाही, पण त्यालाही माथा आहे.

जीसीसी हा जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कम्पायलरांपैकी एक. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम सर्वांसाठी खुला केला. लिनक्सचे कर्नल अनेक वर्षे त्याच्याच हातून घडत आले आहे. त्याच्या सोर्स कोडमध्ये 'जीसीएसई' नावाची एक फाइल आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती लिहिणाऱ्यांनी आरंभीच्या टिप्पणीत आपण चाळलेल्या ग्रंथांची आणि लेखांची यादी नोंदवून ठेवली. त्या यादीत एक आडनाव थेट आपल्याकडचे आहे : ढमढेरे. लेख १९८८ आणि १९९१ चे. लेखक धनंजय ढमढेरे, आयआयटी मुंबई, पवई.

हे नाव तिथे कसे पोहोचले, आणि पवईच्याच पुढच्या पिढीला त्याच कम्पायलरच्या आत शिरणे इतके अवघड का गेले, हा या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी आधी दोन शब्दांचा उलगडा हवा.

१६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने दुभाष्याचे काम नारायण शेणवी यांनी केले. समोरचा बोलेल ते वाक्य त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत सांगायचे, हे दुभाष्याचे काम. इंटरप्रिटर तेच करतो : प्रोग्रॅममधील एकेक आज्ञा घेतो आणि तिथल्या तिथे अमलात आणतो. कम्पायलर मात्र तहाचा संपूर्ण मसुदा आधीच दुसऱ्या भाषेत उतरवून ठेवणाऱ्या चिटणिसासारखा आहे. हा चिटणीस मूळ मजकुरावरून थेट अंतिम प्रत करीत नाही. मध्ये एक कच्चा खर्डा बनवतो. तो फडाच्या अंतर्गत लिपीत, बाहेरच्यासाठी नव्हेच. सगळी काटछाट याच खर्ड्यावर होते. ढमढेरे यांचे संशोधन या काटछाटीविषयीचे होते.

महाराष्ट्रात या विद्येची जमीन तोवर तयार झालेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने घडवलेला टिफ्रॅक संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. तो तपशील स्वतंत्र धाग्याचा आहे.

काटछाटीचा प्रश्न ऐकायला क्षुल्लक आहे. प्रोग्रॅम एका ठिकाणी दुभंगतो आणि पुढे दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात. डाव्या वाटेवर 'अ गुणिले ब' हा हिशेब होतो, उजवीवर होत नाही, आणि संगमानंतर तोच हिशेब पुन्हा मांडलेला आहे. डावीकडून आलेल्याला तो फुकटचा, उजवीकडून आलेल्याला आवश्यक. म्हणजे हा हिशेब 'अंशतः' अनावश्यक आहे. उपाय असा : उजव्या वाटेवर तो हिशेब मुद्दाम घालायचा आणि संगमानंतरचा काढून टाकायचा. मग कोणत्याही वाटेने आले तरी हिशेब एकदाच होतो. हेच एखाद्या कोट्यवधी वेळा फिरणाऱ्या आवर्तनात असेल, तर बचत किती होईल याचा अंदाज वाचकाने करावा.

ही कल्पना मोरेल आणि रेनव्हॉइज या दोघांनी १९७९ मध्ये मांडली. तिच्यात एक अडचण होती. त्यांच्या पद्धतीत नवा हिशेब घालण्याची जागा म्हणजे आज्ञांच्या सलग गटाचा शेवट. दोन गटांना जोडणाऱ्या दुव्यावर काही ठेवता येत नसे. एखाद्या गटातून दोन वाटा फुटत असतील आणि हिशेब त्यांपैकी एकीवरच हवा असेल, तर तो ठेवायला जागाच उरत नाही. ढमढेरे यांनी १९८८ च्या लेखात दुव्यावरच हिशेब ठेवण्याचा मार्ग पुढे आणला, आणि १९९१ च्या लेखात मूळ पद्धतीचे व्यवहारात वापरण्याजोगे रूप मांडले. पुढच्या वर्षी नूप, रुथिंग आणि स्टेफेन यांची 'आळशी' पद्धत आली : हिशेब शक्य तितका उशिरा ठेवा. नाव गमतीचे असले तरी ती अतिशय काटेकोर पद्धत आहे. जीसीसीने या साऱ्या वादविवादातून आपली वाट काढली. त्यामुळे पवईचा अल्गोरिदम जसाच्या तसा जीसीसीत आहे असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. तो त्या वादातला एक ठळक पक्ष होता, आणि फाइल लिहिणाऱ्यांनी त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवली.

इथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ढमढेरे हे नाव माहीत असते ते सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकामुळे, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणामुळे. जगातल्या एका मोठ्या कम्पायलरच्या माथ्यावर तेच नाव आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

लेख समुद्रापार गेले, कारण लेखाला आवृत्ती नसते. कोडचे तसे नाही, आणि हे पुढच्या पिढीच्या वाट्याला आले.

ढमढेरे यांचे विद्यार्थी उदय खेडकर. दोघांचा डेटा-फ्लो विश्लेषणाच्या सामान्य सिद्धान्तावरील संयुक्त लेख १९९४ चा. पुढे खेडकर पवईतच प्राध्यापक झाले आणि त्यांनी जीसीसीकडे मोर्चा वळवला. जीसीसी खुला होता, पण खुला म्हणजे सुगम नव्हे. वाडा कुलूपबंद नाही, एवढ्याने आतल्या दालनांची ओळख होत नाही. त्यातच स्टॉलमन यांची भूमिका बराच काळ अशी होती की, जीसीसीच्या अंतर्भागाला बाहेरून जोडण्याची सोय ठेवू नये. ठेवली तर कंपन्या आपला बंदिस्त माल तिथे डकवतील. भीती निराधार नव्हती, पण तिची किंमत विद्यार्थी आणि संशोधक मोजत होते. परवान्याची नवी तजवीज २००९ मध्ये झाली आणि २०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये प्लगइनची सोय आली.

पवईच्या गटाने दोन आघाड्यांवर काम केले. जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांतून कम्पायलरच्या अंतरंगाची पद्धतशीर ओळख करून दिली. ज्या गोष्टी जाणकारांच्या डोक्यात होत्या, त्या शिकवण्याजोग्या केल्या. दुसरीकडे त्यांनी 'जीडीएफए' नावाचे साधन बनवले. विश्लेषणाचे नियम थोडक्यात लिहून द्यायचे, बाकीचे काम जीसीसीच्या आत बसलेले हे साधन करते. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या २००९ च्या ग्रंथात त्याचे विवेचन आहे. ते जीसीसी ४.३ साठीचा पॅच म्हणून तयार झाले होते, आणि इथेच खरी मेख आहे. पॅच हे ठिगळ. ज्या कापडासाठी बेतले त्यालाच बसते. जीसीसी पुढे सरकला, आतली नावे आणि रचना बदलल्या, की ठिगळ पुन्हा बेतावे लागते. ग्रंथातील सिद्धान्त मात्र आजही जसाच्या तसा वाचता येतो.

अंतरंगाशी जखडलेल्या साधनाचे हे दुखणे किती खोल आहे, ते आणखी एका प्रकल्पात स्वच्छ दिसते. त्यासाठी कॅनडात जावे लागेल. रस्ट या भाषेच्या कम्पायलरने २०१५ च्या सुमारास 'मिर' नावाचा नवा कच्चा खर्डा स्वीकारला. सस्कॅच्युअन विद्यापीठातील स्कॉट ओल्सन या पदवीच्या विद्यार्थ्याने त्या खर्ड्याचाच इंटरप्रिटर लिहायला घेतला. त्याचे नाव मिरी. (मसाल्याच्या डब्याशी संबंध नाही.)

मिरी हा विलक्षण दुभाषी आहे. तो वक्त्याचे बोलणे ऐकत नाही. फडातला कच्चा खर्डा वाचतो आणि एकेक ओळ अमलात आणतो. ढमढेरे-खेडकर परंपरेचे विश्लेषण प्रोग्रॅम न चालवता सगळ्या वाटांविषयी अनुमान काढते. मिरी एकच वाट चालतो, पण प्रत्येक पाऊल तपासून : ही जागा आधीच मोकळी केलेली तर नाही? या खणात अजून काही लिहिलेले नसताना वाचले जाते आहे का? दोन धागे एकाच जागी एकाच वेळी लिहीत आहेत का? चाल फार संथ, पण नजर तीक्ष्ण. रस्टच्या प्रमाणित ग्रंथालयातच, जिथे चूक नसावी अशी सर्वांची अपेक्षा, तिथल्या 'बी-ट्री मॅप'सारख्या रचनांतील दोष त्याने उघड केले.

मिरीला हातभार लावू पाहणाऱ्या नवख्यासमोर दोन दारे असतात. पहिले सोपे. ऑपरेटिंग सिस्टिमचे एखादे फंक्शन मिरीला ठाऊक नसेल, तर तो तिथेच थांबतो. त्या फंक्शनची नक्कल लिहून देणे, हे अनेकांचे पहिले योगदान. दुसरे दार कम्पायलरच्या गाभ्याकडे जाते. २०१८ मध्ये मिरीचे मूळ यंत्र खुद्द कम्पायलरने आत घेतले, कारण काही हिशेब कम्पाइल होतानाच उरकायला त्यालाही दुभाषी हवाच होता. ऑलिव्हर शेरर आणि राल्फ युंग यांचे श्रम या टप्प्यावर मोठे आहेत.

तरीही उरलेली मिरी वेगळ्या कोठारात होती. फडाने खर्ड्याची रीत बदलली की दुभाषी अडखळे. कम्पायलरमध्ये कोणीतरी एखादे नाव बदले, मिरी बंद पडे, आणि दुरुस्ती होईपर्यंत रस्टच्या काही दैनंदिन आवृत्त्या मिरीविनाच बाहेर पडत. पवईच्या पॅचला भोवलेले दुखणे ते हेच. फरक इतकाच की इथे दुरुस्तीला रोज माणसे हजर होती, आणि बदल घडवणारेही त्यांच्याशी बोलत होते. हा फरक लहान नाही. एखाद्या विद्यापीठातील गट अनुदानाच्या मुदतीवर जगतो. विद्यार्थी पदवी घेऊन जातात आणि रोजची डागडुजी कोणाच्याच नावावर राहत नाही.

२०२२ मध्ये मिरीचे कोठार कम्पायलरच्या कोठारात विलीन झाले. तेव्हापासून कम्पायलरमध्ये बदल करणाऱ्यालाच मिरीतील संबंधित ओळीही त्याच वेळी दुरुस्त करता येतात. ज्यांना फक्त मिरीवर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी वेगळे कोठारही चालू आहे, आणि दोन्हींमधील बदल एक साधन इकडून तिकडे नेते. त्या साधनाचे नाव 'जॉश'. इंग्रजी आद्याक्षरे सोडवली तर अर्थ होतो : केवळ एकच एक इतिहास. विलीनीकरणात मिरीच्या २०१५ पासूनच्या नोंदी त्यांच्या कर्त्यांच्या नावांसह कम्पायलरच्या इतिहासात आल्या. एका विद्यार्थ्याचे पहिले खरडलेले प्रयत्नही त्यात तारखेनिशी सापडतात. ढमढेरे यांची नोंद अशा वहीत शोधून उपयोग नाही. ती फाइल त्यांनी लिहिलेली नव्हती. त्यांचे नाव माथ्यावरच्या टिप्पणीत आहे, कम्पायलर जी वाचताना सोडून देतो.