यंत्र कोणाच्या वाट्याला?

पाली हे रत्नागिरी तालुक्यातले मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. इथे कोणाचा श्वास अडकला तर अतिदक्षता विभागासाठी वीसेक किलोमीटरवरची रत्नागिरी गाठावी लागते. तिथेही भागले नाही तर आंबा घाट चढून कोल्हापूर. कृत्रिम श्वासाच्या, कृत्रिम मूत्रपिंडाच्या मर्यादा सांगताना आम्ही अंतर आणि खिसा या दोन मर्यादा आधी मोजतो.

इतिहास पाहा. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवण्याचा मार्ग दाखवला आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्ण जगवले. यंत्रे अपुरी होती, माणसे उभी राहिली. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली.

सिएटलमध्ये उलटे घडले. १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्यामुळे एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले. पण यंत्रे थोडी, रुग्ण फार. मग एक समिती बसली. उत्पन्न, शिक्षण, कुटुंब, चर्चमधला वावर पाहून ती कोणी जगायचे ते ठरवू लागली. माणसाची लायकी मोजणारी अशी समिती आपल्याला नवी नाही. आपल्याकडे ती जन्मावरून निकाल देत आली. पुढे १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत डायलिसिसचा बहुतेक भार सरकारने उचलला. म्हणजे प्रश्न यंत्राने सुटला नाही, कायद्याने सुटला.

यंत्रालाही मर्यादा आहेतच. व्हेंटिलेटर फुप्फुस बरे करत नाही, बरे व्हायला सवड देतो. डायलिसिस रक्त गाळते, पण मूत्रपिंडाची सगळी कामे करत नाही. यकृताची जागा कायमची घेणारे यंत्र अजून नाही. बरे होण्याची आशाच नसेल तर उपचार थांबवून सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कलम २१ खाली मान्य केला. पण पैसे संपले म्हणून नळी काढणे हे सन्मानाचे मरण नव्हे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात याच न्यायालयाने बजावले होते, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही.

उद्याची यंत्रे लहान होतील, घरीही नेता येतील. ती पालीला कधी पोहोचतील, हे बाजारावर सोडायचे का? कलम ४७ सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. मित्रांनो, तालुक्याच्या आमसभेत उभे राहून विचारा: आमच्या ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन किती, प्रशिक्षित परिचारिका किती, डायलिसिसची खाट कुठे?

जय भीम!