दूरचित्रवाणी खेळयंत्रे व आधुनिक संच
दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळ दाखविणारे पहिले घरगुती यंत्र, ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’, १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ या जपानी यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात भारतीय घरांत रुळल्या. त्या बहुधा संचाच्या आकाशक-जोडणीत जोडीत. ही यंत्रे ऋण किरण नलिकेसाठी योजलेली होती. फॅमिकॉमचे चित्र २४० रेषांचे व अंतर्ग्रथित नसलेले असते. पुष्कळ सपाट संच मात्र त्यास ४८० रेषांचे अंतर्ग्रथित चित्र समजतात. परिणामी कडा पुसट होतात, लुकलुकणाऱ्या आकृती लुप्त होतात व खेळाडूच्या कृतीस प्रतिसाद उशिरा मिळतो. यावर उपाय म्हणून, सोय असल्यास, संयुक्त संदेशाऐवजी लाल, हिरवा व निळा हे संदेश स्वतंत्रपणे घेतात आणि रेषावर्धक उपकरणाने प्रत्येक रेषा पूर्णांक पटीत वाढवितात. २१६० रेषांच्या पडद्यावर २४० रेषा बरोबर ९ पट होतात. १०८० रेषांच्या पडद्यावर हे प्रमाण ४·५ पडते. तथापि नलिकेच्या सौम्य कडा गृहीत धरून रेखाटलेली चित्रे या स्पष्टतेत रुक्ष भासतात. म्हणून मूळ स्वरूपाच्या जतनासाठी यंत्रांबरोबर जुने संचही राखणे आवश्यक ठरते.