मॉरिशस : द्वीपराष्ट्राच्या विकासाच्या मर्यादा

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर, तर मॉरिशसचे जेमतेम २,०४०. लोकसंख्या मात्र दोहोंची बारा-तेरा लाखांच्या घरातच. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत.

१९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यात बहुतांशी साखरेचीच होती. १९७५ पासून युरोप ती हमीभावाने घेत असे. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरविण्यात आला. दर परक्या बाजारात ठरणे म्हणजे काय, हे आपल्या कापूस उत्पादकांना सांगावयास नको. बहुतेक धान्य व सर्व खनिज तेल जहाजानेच येते. कापडउद्योग व पर्यटन यांनी आधार दिला खरा; परंतु २०२० मध्ये महामारीमुळे प्रवासी येणे थांबले आणि २५ जुलै रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळखडकावर चढले. पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल खाजणात पसरले. लोकांनी कापडात उसाचे पाचट भरून तेल अडविण्याचे तरंगते बांध स्वतःच तयार केले.

९ सप्टेंबर २०१९ रोजी पोर्ट लुई येथील मिस्साप्रसंगी पोप फ्रान्सिस यांनी, आर्थिक वाढ होऊनही तरुण बेरोजगार राहतात, याकडे लक्ष वेधले होते. समुद्राचे तापमान वाढविण्यात या बेटाचा वाटा नगण्य आहे. पांढरे पडत आहेत ते मात्र त्याच्याच किनाऱ्यावरील प्रवाळ.