वितळणारी तार

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आमच्या जुन्या बुलेटचा फ्यूजबॉक्स बदलून घेतला. तसे पाहता ही गोष्ट सांगण्याजोगी नव्हे. गॅरेजात एखाद्या दुपारी होणारे ते काम. परंतु मिस्त्रींनी काढून हातावर ठेवलेली ती काळी बेकेलाइटची डबी आम्ही घरी आणली. गेले काही महिने ती आमच्या टेबलावर पडून आहे. तिच्याकडे पाहता पाहता तिचा इतिहास शोधावासा वाटला. त्या इतिहासाच्या शेवटी पंचवीस वर्षे टाळलेली आमची स्वतःची एक गोष्ट उभी आहे. तीही येथे सांगणे आम्हाला प्राप्त आहे.

प्रथम शब्दाविषयी. सेमिनरीत आम्हाला लॅटिन घोकावी लागली. त्यातील 'फुन्देरे' म्हणजे ओतणे, वितळवणे. विजेचा 'फ्यूज' हा शब्द या धातूपासून आला आहे. ओतकामाच्या कारखान्याला इंग्रजीत म्हणतात तो 'फाउंड्री' हा शब्दही याच कुळातला. सुरुंगाची वात जिला इंग्रजीत फ्यूजच म्हणतात, ती मात्र निराळ्या घराण्यातली. तिचे मूळ 'फुसुस' म्हणजे चाती. उच्चार एक, पण कार्य परस्परविरोधी! एक फ्यूज आग लावण्यासाठी असतो, दुसरा आग लागू नये म्हणून स्वतः वितळतो. आपला विषय हा दुसरा.

त्याचा जन्म घरातील दिव्यांच्या आधी, तारायंत्राच्या काळात झाला. उघड्या माळावरून जाणाऱ्या तारांवर वीज कोसळे आणि तारघरातील उपकरणे जळून जात. लुई ब्रेगे या फ्रेंच घड्याळकार-शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये असे सुचवले, की तारघरात शिरण्यापूर्वी मुख्य तारेला एक बारीक तारेचा तुकडा जोडावा. आघात झाला तर तो तुकडा जळेल, यंत्र वाचेल. पुढे विजेचे दिवे आले. एडिसनने १८८० मध्येच अशा सुरक्षा-तारेचे पेटंट घेतले. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा वीज विकण्याबरोबरच तिला आवर घालण्याची सोय करणेही ओघाने आले. वीज घरात आणायची तर घर जळणार नाही, ही हमी लोकांना द्यावीच लागणार होती.

फ्यूजचे तत्त्व सोपे आहे. तारेतून प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून वाटेत मुद्दाम एक दुर्बळ तार ठेवायची. मर्यादा ओलांडली गेली की तीच आधी वितळावी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. तो मुख्यतः वायरिंगला वाचवण्यासाठी असतो. मोटारसायकलची बॅटरी दिसायला लहान, पण तिची दोन टोके थेट जुळली तर ती क्षणभरात शंभराहून अधिक अँपियर प्रवाह सोडू शकते. बारीक तारेच्या प्लॅस्टिकचा मेण व्हायला तेवढे पुरेसे आहे, आणि मोटारसायकलीत त्या तारा पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेल्या असतात.

सुरुवातीच्या काळातील अनेक मोटारसायकलींना ही चिंता नव्हती. त्यांचा दिवा कार्बाइडच्या वायूवर जळे आणि ठिणगी मॅग्नेटोतून येई. बॅटरीचे कामच नव्हते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात डायनामो आणि बॅटरी आली, विजेचा दिवा आणि हॉर्न आला. परतीच्या तारेचे काम गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच देण्यात आले. यात तार वाचली, पण सांगाड्याला घासणारी प्रत्येक तार धोक्याची ठरली. तरीही पन्नासच्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्या फ्यूजविना धावत होत्या, आणि पुढे आला तोही बहुधा बॅटरीच्या तारेत अडकवलेला एकुलता एक.

या गाड्यांना विजेचे सामान पुरवणारी बर्मिंगहॅमची लुकास कंपनी. तिच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपियर असा आकडा छापलेला असे. त्याचा अर्थ असा, की ३५ अँपियरला हा फ्यूज उडतो. अखंड वाहून नेण्याची त्याची क्षमता सुमारे निम्मी, म्हणजे १७ अँपियर. अमेरिकन पद्धतीत मात्र छापलेला आकडा हा वाहून नेण्याचा असतो. आकडा तोच पाहून कोणी ब्रिटिश गाडीत अमेरिकन फ्यूज बसवला तर त्याने नकळत पहारेकऱ्याच्या डोळ्यावर पट्टी बांधली असे होई. अमेरिकेत एका जातीच्या फ्यूजवर युक्ती अशी होती, की अँपियर वाढेल तशी नळीची लांबी वाढे, जेणेकरून लहान फ्यूजच्या जागी मोठा बसूच नये. यंत्रे घडवणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची जाण होती. फ्यूज उडाला की माणूस कारण शोधत नाही, मोठा फ्यूज शोधतो, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या बुलेटची कुळकथा वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. इंग्लंडातील रेडिच हे गाव सुयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तेथे रॉयल एन्फिल्ड वाढली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. १९७० च्या सुमारास मूळ इंग्रज घराणे बंद पडले. मद्रासची शाखा मात्र जगली. आमची गाडी सत्तरच्या दशकातली. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात सहा व्होल्टची यंत्रणा होती. सहा व्होल्टवर ३० वॅटचा दिवा ५ अँपियर प्रवाह मागतो. बारा व्होल्टवर त्याहून तेजस्वी ४५ वॅटच्या दिव्याला पावणेचार पुरतात. जुन्या गाड्यांच्या तारा आणि जोड लवकर का तापत, याचे एक कारण येथे आहे.

आता ती गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. आमच्या बुलेटचा फ्यूज एका आठवड्यात तीनदा उडाला. गाडी मिस्त्रींकडे न्यावी एवढी सवड आम्ही काढली नाही. कोणीतरी फेकलेल्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि जळक्या फ्यूजभोवती गुंडाळला. दिवा लागला, हॉर्न वाजला. आम्ही आमच्या हुशारीवर खूश झालो.

दोन दिवसांनी गावातील एका मुलाची एस.टी. चुकली. त्याचा दहावीचा पेपर होता. आम्ही त्याला मागे बसवून निघालो. अर्ध्या वाटेवर हँडलजवळून धूर आला आणि पाहता पाहता तो टाकीखाली पसरला. हँडल वळते त्या ठिकाणी घासून उघडी पडलेली तार सांगाड्याला टेकली होती. फ्यूज तीनदा हेच सांगत होता. आम्ही गाडी उभी करून भांबावून पाहत राहिलो. मुलाने मात्र बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडले आणि तापलेली तार हाताने ओढून तोडली. आग लागली नाही. त्याचा उजवा तळहात मात्र भाजला. एका टेम्पोवाल्याने त्याला केंद्रावर पोचवले. वीस मिनिटे उशिरा, हाताला रुमाल गुंडाळून त्याने पेपर लिहिला. तो पास झाला, पण त्या विषयात कसाबसा.

त्याच्या वडिलांनी दोष मिस्त्रींना दिला. "फादरांची गाडी नीट केली असती तर माझ्या पोराचा हात भाजला नसता," असे ते चारचौघांत बोलले. पुढे त्या घराची स्कूटर मिस्त्रींकडे गेली नाही, शेजारच्या दोन घरांचीही नाही. आम्ही ऐकत होतो. आम्ही काही बोललो नाही. पुढे आमची बदली झाली आणि गप्प राहणे आणखी सोपे झाले.

त्या वेळी संपूर्ण वायरिंग नवे करावे लागले आणि बारा व्होल्टची यंत्रणाही तेव्हाच बसली. गाडीत न जळलेली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे फ्यूजची डबी! जिने आधी जळायचे तीच शाबूत राहिली होती. म्हणून ती तशीच पुन्हा बसवण्यात आली. यंदा तिच्या पितळी पकडी हिरव्या पडून सैल झाल्या. सैल जोड स्वतःच तापतो, म्हणून तिला निरोप देणे भाग पडले. योगायोगाने आमची नेमणूक पुन्हा त्याच परिसरात झाली आहे. आम्ही गाडी त्याच मिस्त्रींकडे नेली. ते आता सत्तरीचे आहेत.

त्यांनी प्रथम बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडवली, म्हणजे काम करताना पाना सांगाड्याला टेकला तरी ठिणगी पडू नये. मग चार घरांची नवी पेटी बसवली. पात्यांचे हे प्लॅस्टिकचे फ्यूज सत्तरच्या दशकात मोटारींसाठी आले. रंगावरून त्यांची ओळख पटते : फिकट बदामी ५, लाल १०, निळा १५. बॅटरीजवळ मुख्य फ्यूज निळा. मोठ्या दिव्याला लाल, हॉर्न व ब्रेकच्या दिव्याला लाल, मागच्या दिव्याला बदामी आणि इंजिनाच्या ठिणगीला स्वतंत्र बदामी. आता मागचा दिवा बिघडला तर तेवढाच विझेल, रात्री वाटेत इंजिन बंद पडणार नाही. प्रत्येक फ्यूज त्याच्या तारेच्या ताकदीपेक्षा कमीच ठेवला आहे.

काम चालू असता आम्ही त्यांना सांगितले, "मिस्त्री, त्या वेळी फ्यूजला चंदेरी कागद आम्हीच लावला होता."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे, फादर. जळकं वायरिंग मीच काढलं ना. डबीतला कागदही मीच काढला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," ते म्हणाले, आणि पुढची तार कापू लागले.

त्या रविवारी आम्ही त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, की आता मिस्त्रींकडे जायला हवे. दोघे वृद्ध पुढे काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. मुलगा परदेशी असतो. त्याला आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

फ्यूज उडणे ही अडचण नसून सूचना आहे, हे त्या काचेच्या नळीने आम्हाला तीनदा सांगितले होते, आणि आम्ही तिचे तोंड चंदेरी कागदाने बंद केले. नव्या पेटीच्या झाकणात मिस्त्रींनी प्रत्येक रंगाचा एकेक जादा फ्यूज ठेवला आहे. "दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावू नका, गाडी घेऊन या," असे त्यांनी बजावले आहे. जुनी डबी आम्ही फेकणार नाही. ती टेबलावरच राहील.